शेवटचं टिंब

मे महिना, पारा ४४ वर, आणि मी अमळनेरच्या घरात बनियनवर बसून स्वतःचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे वेबसाइटचं नाव घेतलं की तिचा पत्ता सांगणारं मशीन, उभा करत होतो. तसं अडलं काहीच नव्हतं. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेतलं तिथे ही सोय फुकट होती. पण मेहुणे म्हणाले, "तुम्ही एवढे लिनक्सवाले, आणि पत्ता दुसऱ्याच्या दारात?" लागलं ते.

घरच्याच जुन्या कॉम्प्युटरवर करणार होतो. पण लाईट गेली की जगाला आमचं घर सापडायचं नाही, म्हणून दोन मशीनं भाड्याने घेतली. बाइंड हे डीएनएसचं सॉफ्टवेअर टाकलं, ५३ नंबरचं पोर्ट, म्हणजे प्रश्न आत यायचं दार, यूडीपी-टीसीपी या दोन्ही पद्धतींना उघडलं. मग कळलं, नेमसर्व्हरचं, म्हणजे या मशीनचं, नाव आमच्याच डोमेनमधलं, त्यामुळे त्याचा पत्ता त्यालाच विचारायचा. पेटीची किल्ली पेटीत! म्हणून त्याचा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, वरच्या घरी, डॉट कॉमवाल्यांकडे नोंदवायचा. त्याला ग्लू म्हणतात. तेही जमलं. नाव-पत्त्यांची यादी असते ती झोन फाइल, ती बदलली की तिच्यातला सिरियल नंबर वाढवायचा, नाहीतर दुसरं मशीन शिळंच वाढत राहतं, हेही एक तास घालवून शिकलो.

अडलो टिंबापाशी. झोन फाइलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब लागतं. नसलं तर बाइंडला वाटतं नाव अर्धवट आहे, आणि ते मागे आपलं डोमेन पुन्हा चिकटवतं. आमचं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' 'मळा डॉट कॉम डॉट मळा डॉट कॉम'कडे बोट दाखवत होतं. डिगला, म्हणजे पत्ता शोधून देणाऱ्या कमांडला, विचारावं तर एनएक्सडोमेन, म्हणजे असं कोणी इथे राहत नाही. १९८३ साली ही व्यवस्था आखणाऱ्या पॉल मोकापेट्रिसबद्दल मला आदर आहे. त्या दुपारी नव्हता.

बरं, टिंब तर होतं! दहादा पाहिलं. ओळीच्या शेवटी, ठसठशीत.

आई ताट घेऊन आली. "काय करी ऱ्हायना रे भाऊ? जेव ना."

"टिंब देखी ऱ्हायनू."

ती वाकली, डोळे बारीक केले. "हाऊ? हाऊ ते कालना रस्सा शे."

तिने नखाने खरवडलं. शेवभाजीचा वाळका थेंब निघाला आणि माझं टिंबही गेलं. एवढा वेळ ओळी वरखाली केल्या असत्या, तर ते जागचं हललं नाही हे दिसलं असतं.

खरं टिंब टाकलं, सिरियल वाढवला, डिग मारलं. पत्ता आला. तोवर आई पदराने सगळा स्क्रीन पुसायला लागली होती.

"थांब माय," मी ओरडलो, "त्यामा काही खरा शेतस!"