‘जबाबदारीने खेळा’, पण घंटा कोणी बसवली?

जुगारावर बंधनं घालायचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शंभरातला एखादाच जुगाराच्या नादी लागतो, तोही मुळात कच्च्या मनाचा. कंपन्या धोक्याची सूचना देतात, मर्यादा घालायची सोय देतात. मग एकासाठी नव्व्याण्णवांना शिक्षा कशाला? बंधनं आली तर लोक चोरून खेळणारच. शेवटी टोमणा: टीका करणारे संशोधक म्हणजे प्राध्यापकाचा कोट घातलेले कीर्तनकार.

आधी ‘शंभरात एक’. आकडा अगदीच हवेतला नाही, पण तो सगळ्या प्रौढांतून काढलेला असतो. ज्यांनी जन्मात कशावर पैसे लावले नाहीत तेही त्यात आले. लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये जुगाराचा प्रकार वेगळा काढून पाहिला. ऑनलाइन कॅसिनो किंवा स्लॉट (बटण दाबून चित्रं जुळवायचा यंत्रावरचा जुगार) खेळणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे 15.8 टक्के लोकांना जुगाराचा विकार असू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे सहात जवळजवळ एक. आणि उरलेले मजेत असतात म्हणावं, तर ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या 2016 च्या अभ्यासात एकूण हानीपैकी 85 टक्क्यांच्या आसपास वाटा कमी आणि मध्यम जोखमीच्या खेळणाऱ्यांचा निघाला. लहानमोठी हानी एकाच तराजूत घातली, असा या मोजणीवर आक्षेप आहे आणि तो मला अर्धा पटतोही. पण चुकलेला हप्ता आणि घरच्यांपासून लपवलेली उधारी मोजायचीच नाही, हे काही त्यावरचं उत्तर नव्हे.

‘कच्चं मन’ हा या मजकुराचा खरा आधार, म्हणून इथे जरा थांबतो. स्लॉट यंत्रावर एका दमात 20 ओळींवर एकेक नाणं लावता येतं. बटण दाबलं, 20 नाणी गेली. एका ओळीवर चित्रं जुळली, 5 परत आली. हिशेबाने 15 चा खड्डा. पण यंत्र दिवे लावतं, घंटा वाजवतं, पडद्यावर 5 चा आकडा नाचवतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे माइक डिक्सन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये खेळणाऱ्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजे उत्तेजनेने येणाऱ्या घामाबरोबर बदलणारी खूण, मोजली, तेव्हा या तोट्याला शरीर जिंकल्यासारखाच प्रतिसाद देताना दिसलं. लास व्हेगसमध्ये वर्षानुवर्षं क्षेत्रकाम केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाउ शूल यांना तर खेळणाऱ्यांनी सांगितलं की आपण जिंकायला नाही, खेळत राहायला खेळतो. माणूस कच्चा असेलही. ती घंटा मात्र त्याने बसवलेली नाही.

सूचनांचं म्हणाल, तर ब्रिटनमधली ‘मजा संपली की थांबा’ ही जुनी घोषणा पाहावी. फलकावर आधी ‘मजा’ हाच शब्द मोठ्या अक्षरांत होता! 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक प्रयोगात (कोणाला घोषणा दाखवायची हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून) या घोषणेने पैसे लावण्याचं प्रमाण कमी झाल्याचं आढळलं नाही. मर्यादेची सोय आहे, खरं. पण हरलेले पैसे भरून काढायला रात्री दोन वाजता बसलेला माणूस ती शोधत बसेल का? माहिती द्या, निवड ज्याची त्याची, हा विचार ब्लाझिन्स्की, लादुसर आणि शेफर यांनी 2004 मध्ये ‘रेनो प्रारूप’ म्हणून मांडला. उद्योगाला तो मानवला यात नवल नाही. यंत्राला हात लावायची गरजच उरत नाही.

चोरटा जुगार असतोच, पण बंधन म्हणजे बंदी नव्हे. ब्रिटनने 2019 मध्ये पैजेच्या दुकानांतल्या यंत्रांवर एका डावाला लावायची कमाल रक्कम 100 पाउंडांवरून 2 वर आणली; काही दुकानं बंद झाली, पण धंदा चालू राहिला. आणि बंदीचंच म्हणाल, तर नॉर्वेने 2006 मध्ये यंत्रांना नोटा घेणं बंद केलं, 2007 मध्ये यंत्रंच उचलली. मदतवाहिनीवरचे फोन कमी झाले.

राहता राहिले कीर्तनकार. ठीक, मग दक्षिणा कोण देतं तेही विचारू. ब्रिटनमध्ये जुगारावरच्या संशोधनाला आणि उपचारांना उद्योगाची ऐच्छिक वर्गणी हाच मोठा आधार होता. सक्तीचा कर एप्रिल 2025 मध्ये आला. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातल्या रिबेका कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कितीतरी आधीच उद्योगाच्या पैशाचा संशोधनावर होणारा परिणाम मांडला होता. उद्योगाच्या पैशावरचं प्रत्येक संशोधन खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण ‘कोण नादी लागतो?’ यावर ढीगभर अभ्यास होतात, आणि डावाचा वेग कोणी व का ठरवला, या प्रश्नाची कागदपत्रं कंपनीच्या कपाटात राहतात.

कपाट न उघडताही काही दिसतं. 2021 मध्ये नेचर ह्यूमन बिहेवियर या शोधपत्रिकेत आलेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या एका बँकेच्या 65 लाखांपर्यंत ग्राहकांचे निनावी व्यवहार तपासले होते. जुगारावरचा खर्च जसजसा जास्त, तसतसे थकलेले गृहकर्जाचे हप्ते आणि चढ्या व्याजाची तातडीची कर्जं जास्त. आणि ही चढण व्यसनाच्या उंबरठ्यापाशी नाही, त्याच्या बऱ्याच आधी सुरू होते.