कपडे वाळत घालता घालता

मी मंगळवारी रात्री मेलो. साडेदहाच्या सुमारास, वॉशिंग मशीनमुळे.

मेल्याचं मला फारसं वाईट वाटलेलं नाही. प्रोजेक्ट झोम्बॉइड सुरू करताना गेम स्वतःच बजावतो, की ही तुम्ही कसे मेलात त्याची गोष्ट आहे. इतकं आधीच सांगून ठेवल्यावर रडायचं कशाला? वाईट वाटलं ते शनिवारी. शनिवारी एका तेरा वर्षांच्या पोराने नऊ माणसांसमोर माझं पोस्टमॉर्टेम केलं, आणि ते मला अजून पचलेलं नाही.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी, जास्त नाहीत. साल १९९३, जुलैची ९ तारीख, अमेरिकेतल्या केंटकी राज्याचा एक तुकडा, आणि तुम्ही सोडून जवळजवळ सगळे झोंबी. जिंकायची सोयच नाही. किती दिवस तगलात एवढाच हिशोब. झोंबीने नुसतं ओरबाडलं तर बहुतेक वाचता. चावला तर संपलं. औषध नाही, लस नाही, वशिला नाही. आणि बरेच जण मिळून एका सर्व्हरवर खेळत असाल तर गेम थांबवायचं बटण नसतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

तर आमच्यात एक रिवाज पडलाय. शनिवारी रात्री सगळ्यांनी हेडफोन लावून जमायचं आणि आठवड्यात ज्याचं पात्र गेलं त्याने गोष्ट सांगायची. शोकसभाच ती, फक्त मयत स्वतः बोलतो. या सभेत मी एक गोष्ट नेहमी बघतो: कुणीही साधं मरत नाही. आमच्यात एक जण हेलिकॉप्टरची गोष्ट सांगतो. हेलिकॉप्टर पहिल्या काही दिवसांत कधीतरी येतं, डोक्यावर घिरट्या घालत बसतं आणि आसपासचे सगळे झोंबी त्या आवाजाने तुमच्या दारात आणून सोडतं. हे खरंच भयानक असतं, मान्य. पण ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा झुंड चाळीसची होती. मग शंभराची झाली. आता ती तीनशेवर गेली आहे आणि ह्याच्या हातात काय, तर तेव्हाही मोडका तवा आणि आताही मोडका तवा. आमच्यातल्या एकीने मात्र एकदा सांगितलं, "ओव्हन चालू ठेवून झोपले. घरासकट गेले." संपली गोष्ट. मला ती बाई आवडते.

खरं म्हणजे तगून राहणं म्हणजे काय, हे कुणी सांगतच नाही. तगून राहणं म्हणजे कॅन ओपनर शोधणं. माझं पहिलंवहिलं पात्र नऊ बंद डबे घेऊन तीन दिवस उपाशी हिंडलं. डबे उघडायला ओपनर लागतो आणि अख्ख्या गल्लीत ओपनर नाही. लोक पळून जाताना टीव्ही ठेवून गेले, गाड्या ठेवून गेले, ओपनर तेवढा घेऊन गेले. त्या उपासमारीचा माझ्यावर असा परिणाम झालाय की तेव्हापासून दिसेल तो ओपनर मी उचलतो. डबा असो वा नसो.

शिवाय पात्र तयार करण्याचा प्रकार. इथे चांगले गुण घ्यायला पॉइंट लागतात आणि ते पॉइंट दोष घेतल्यावर मिळतात. नोकरीच्या मुलाखतीत जे लपवायचं ते इथे आपणहून लिहून द्यायचं: नजर अधू, वाचन संथ, सिगारेट लागते. हे देऊन मी ताकद विकत घेतली. असा जाड भिंगाचा, तगडा, संथ वाचणारा गृहस्थ रोझवूड गावात तीन महिने अकरा दिवस जगला. फायर स्टेशनमधून कुऱ्हाड मिळवली. टीव्ही चालू होता तोवर रोज टीव्हीवर सुतारकाम बघितलं. जग बुडत असतानाही तो कार्यक्रम ठरल्या वेळी लागतो आणि बघून खरंच कौशल्य वाढतं. एका महिन्याच्या आत वीज गेली, पाणी गेलं, तेव्हा माझ्या गच्चीवर पावसाचं पाणी साठवायची पिंपं तयार होती. खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. महिनाभर झोंबी दिसू नये, इतका बंदोबस्त.

शनिवारी मी गोष्ट इथूनच सुरू करणार होतो, कुऱ्हाडीपासून. आवाज खाली आणला होता.

"रोझवूड," मी म्हटलं. "पहाटेची वेळ. धुकं."

"काका, कसे मेलात ते सांगा ना आधी."

काका! त्या पोराच्या टोपणनावात यमराज आहे, इंग्रजी एक्स दोनदा आहे आणि पुढे तीन शून्यं आहेत. आवाज अजून फुटायचा आहे. आणि मी त्याचा काका. बाकीच्यांना तो नावाने हाक मारतो. त्यात माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असलेला हेलिकॉप्टरवालाही आला.

"सांगतो ना बाळा. ऐक तरी."

"चावा की ओरखडा?"

"चावा. पण त्याच्या आधी..."

"कुठे? मानेला?"

"मला माहीत नाही कुठे."

थोडी शांतता पसरली. नऊ हेडफोनांमधली शांतता वेगळीच असते, तिच्यात कुणाचा तरी पंखा ऐकू येतो.

"माहीत नाही म्हणजे? तुम्ही बघत नव्हता?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. हेलिकॉप्टरवाला सहज बोलला असता. पण मी मूळचा प्रामाणिक, आणि आयत्या वेळी सुचतही नाही. मी सांगून टाकलं. माझं पात्र घरात खुर्चीवर बसून सुतारकामाचं तिसरं पुस्तक वाचत होतं. एकटे खेळताना वाचताना काळ भरभर पळवता येतो, सर्व्हरवर नाही. तिथे पात्र वाचतं आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो. त्यातून माझा गृहस्थ संथ वाचणारा. एवढ्यात आमच्या खऱ्याखुऱ्या घरातलं वॉशिंग मशीन वाजलं. आमचं मशीन काम झाल्यावर एकदा वाजून गप्प बसत नाही, कुणी येईपर्यंत दर मिनिटाला आठवण देतं. मी उठलो, कपडे वाळत घातले, परत आलो, तर पडद्यावर आंघोळीचा झगा घातलेला एक झोंबी मला खात होता.

"झगा?" कुणीतरी विचारलं.

"झगा. आणि स्लिपर."

कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. पण पोरगं गंभीर होतं.

"आत कसा आला?"

"मागच्या दाराने."

"लावलं नव्हतं?"

"पिंपात पाणी किती साठलं ते बघायला बाहेर गेलो होतो, तेव्हा..."

"म्हणजे लावलं नव्हतं. काका, किती कपडे होते?"

"काय?"

"म्हणजे किती वेळ लागला? एक झोंबी माणसाला खाऊन संपवेपर्यंत वेळ जातो. दोन-चार कपडे असते तर तुम्ही वाचला असता."

आता सांगा, ह्याला काय उत्तर द्यायचं? मी आठवू लागलो. दोन चादरी होत्या. चादरी झटकून, टोकाला टोक जुळवून घालायची मला सवय आहे. मोजेही होते, आणि मोज्यांच्या जोड्या लावल्याशिवाय मी घालत नाही. हे मी मोठ्याने सांगितलं. का सांगितलं, देव जाणे. उलटतपासणीला उभ्या केलेल्या साक्षीदारासारखा मी मोज्यांची संख्या देत होतो.

"म्हणजे तुम्ही एएफके मेलात," त्याने निकाल दिला. एएफके म्हणजे कीबोर्ड सोडून गेलेला. "ते सर्व्हायव्हलमध्ये धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"कुणीच."

"तीन महिने अकरा दिवस जगलो मी! ते तरी धराल की नाही?"

"काका, तिसरं पुस्तक वाचत होता ना? सुतारकाम किती होतं तुमचं?"

"सात," मी अभिमानाने म्हटलं.

"मग तिसऱ्या पुस्तकाचा उपयोगच नाही. ते सहापर्यंतच. तुम्ही उगाच वाचत होता."

ओव्हनवाली बाई आता हसली. तिच्या हसण्याचं मला वाईट वाटलं, कारण एवढा वेळ मी तिला आपल्या बाजूची समजत होतो.

मी म्हटलं, झालं माझं, पुढचा बोला. तर पुढचा तोच. म्हणाला, मी मेलो नाही पण एक लूटची गोष्ट आहे, चालेल का? सगळे म्हणाले चालेल. मला कुणी विचारलं नाही.

"गुरुवारी मी रोझवूडला गेलो," तो सांगू लागला. "पहाटेची वेळ. धुकं."

धुकं माझं होतं! मी आणलं होतं!

"एका घराच्या मागच्या बाजूला एकच झोंबी उभा. तगडा. पाठीला मोठी बॅग, कमरेला कुऱ्हाड, जाड भिंगाचा चष्मा. मला वाटलं, हा कुणीतरी खेळाडू असणार."

मला घाम फुटला. चावलेला माणूस मेल्यावर उठतो आणि हिंडायला लागतो, अंगावरच्या सगळ्या सामानासकट. हे मला माहीत होतं. मी उठून अंगणात उभा असेन, हे मनातच आलं नव्हतं. दोन दिवस मी कपडे इस्त्री करत होतो आणि तिकडे मी धुक्यात उभा होतो.

"अवघड होता का मारायला?" मीच विचारलं. विचारायला नको होतं.

"छे. एका दणक्यात. वळायच्या आत."

लोकांनी वाहवा केली. एका दणक्यात! ताकद विकत घ्यायला मी डोळे गहाण टाकले होते.

"बॅगेत काय होतं?" हेलिकॉप्टरवाल्याने विचारलं.

"तेच तर. हातोडी, खिळे, ते तिसरं पुस्तक, एक लायटर... आणि चार कॅन ओपनर." तो थांबला. थांबायचं कुठे, हे त्या पोराला कळतं, हे मान्य करावंच लागेल. "आणि डबा एकही नाही."

त्यानंतर जे हसू उसळलं त्यात मी माईक बंद करून पाणी प्यायला गेलो. परत आलो तरी हसत होते. कुणीतरी म्हणत होतं, चार खोल्यांना चार असतील. कुणीतरी म्हणत होतं, बिचारा डब्यांची वाट बघत असेल. बिचारा! आणि हे सगळं होईपर्यंत तो बिचारा कोण हे पोराला कळलं नव्हतं, किंवा कळून तो तसं दाखवत नव्हता. पहिली शक्यता मला जास्त लागते.

आता जरा रागानेच लिहितो. तेरा वर्षांचं पोरगं माझ्या मरणात चुका काढतं याचा मला राग नाही, चुका होत्याच. पण गोष्ट ऐकायची म्हणजे चूक शोधायची, ही कुठली रीत? कुणी काही सांगू लागला की समोरचे मनात टिकमार्क करत बसतात. दार लावलं होतं? जखम धुतली होती? बँडेज बदललं होतं? मग तू मेलास ते बरोबरच झालं, पुढचा बोला. म्हणून तर लोक हेलिकॉप्टर आणतात गोष्टीत. हेलिकॉप्टर आलं की मरणारा निर्दोष सुटतो. माझ्याकडे मोज्यांच्या जोड्या होत्या, मी कुठून सुटणार? आणि एक सांगतो, तो स्वतः किती दिवस तगलाय माहीत आहे? एकोणीस. मी नंतर मुद्दाम पाहिलं. पण त्याने माझ्या पाठीवरची बॅग घेतली आहे, माझी कुऱ्हाड घेतली आहे, माझी पिंपं माझ्याच गच्चीवर त्याच्यासाठी भरताहेत, आणि सभेत अनुभवी तो.

रविवारी मी नवं पात्र केलं. पुन्हा चष्मा, पुन्हा सिगारेट. संथ वाचन तेवढं काढलं. गेमने उभं केलं ते नेमकं रोझवूडमध्येच. पहिल्या घरात सहा डबे मिळाले. मी त्या स्वयंपाकघराचा ड्रॉवर न् ड्रॉवर उपसला. मग शेजारच्या घराचा. मग तिसऱ्याचा. संध्याकाळी पात्राच्या पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा अभिमान गिळून हेडफोन लावला.

"अरे, एक ओपनर मिळेल का?"

"कोण? काका? नवीन पात्र?" मग तो जरा गप्प झाला. मला वाटतं तेव्हा त्याला कळलं. "काका... ती बॅग तुमची होती का?"

"हो."

"सॉरी." आणि लगेच, "पण चार का?"

"तुला एक देता येतो का नाही तेवढं सांग."

"तिथेच ठेवलाय एक. मी तीनच घेतले. तुमच्या बॉडीवर आहे, मागच्या अंगणात."

मग अंधार पडत असताना, पोटात काही नसताना, हातात एक झाडू घेऊन मी स्वतःच्या प्रेताकडे निघालो. कुंपण ओलांडलं. मी तिथे पडलो होतो, चष्म्यासकट. खिसे तपासायला वाकलो आणि मागे खोलीत मशीन वाजलं. हललो नाही. मिनिटभराने पुन्हा वाजलं.

"काका, तुमच्याकडे काहीतरी वाजतंय," हेडफोनमधून आवाज आला.

"वाजू दे."

"कपडे वास मारतील."

"मारू देत."

"बरं," तो म्हणाला. "पण ते कुंपणाचं फाटक लावलंत ना?"