पाच मिनिटांची चटणी

"चटणी काय, पाच मिनिटांत होते." हे वाक्य जगात पहिल्यांदा ज्याने म्हटलं त्याच्यासमोर कोथिंबीर निवडून, धुऊन, पुसून, शेंगदाणे भाजून, सोलून आणि मिक्सरचं भांडं घासून दुसऱ्याच कोणीतरी ठेवलेलं असणार, याबद्दल माझ्या मनात आता काडीची शंका उरलेली नाही.

मी हे वाक्य रविवारी सकाळी फोनवर म्हणालो. संध्याकाळी सहा मित्र येणार होते, खायला काय करायचं तर सँडविच, कारण सँडविच सोपं, आणि एकजण म्हणाला की येताना चटणीची बाटली घेऊन येतो. तिथेच गप्प बसायचं. पण नाही, मी म्हटलं, छे रे, बाटलीतली कशाला, घरी करतो की, कोथिंबीर-पुदिना-शेंगदाणे, चटणी काय पाच मिनिटांत होते. फोन ठेवला आणि मागे बघितलं तर बायको दारात उभी. "कोण करणार आहे?" म्हणाली. मी म्हटलं, मी. "बरं," म्हणाली, आणि पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर त्या 'बरं'चा अर्थ कळायला हवा होता.

सुरुवात कोथिंबिरीपासून. जुडी सोडली आणि पेपरवर पसरली तर ती दुप्पट झाली, हे कसं होतं मला अजून समजलेलं नाही. त्यात पिवळी पानं, काळी पडलेली पानं, मुळं, मुळांची माती, एक दोरा आणि कोथिंबीर नसलेलं काहीतरी गवत. मी एकेक पान खुडायला बसलो. वीस मिनिटांनी माझ्यासमोर मूठभर पानं आणि डोंगराएवढे देठ. पाणी प्यायला आलेल्या बायकोने ढिगाकडे बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाली की कोथिंबिरीचे कोवळे देठ घ्यायचे असतात, खरा वास त्यातच असतो. मी देठ परत घेतले, पुदिन्यालाही तोच नियम लावला आणि जाडजूड देठांसकट सगळा पुदिना घमेल्यात टाकला. तर पुदिन्याचे घ्यायचे नसतात! ते चरबट आणि कडू. आता भिजलेल्या कोथिंबिरीतून पुदिन्याच्या काड्या वेचणं म्हणजे काय, ते ज्याने वेचल्यात त्यालाच विचारा.

मग धुणं. मी पानं चाळणीत घेऊन नळाखाली धरली, दोनदा हलवली, झालं. एक पान तोंडात टाकून बघितलं तर कर्रकन वाळू. शेवटी आईला फोन लावला.

"अरे चाळणीत नाही धुवायची," आई म्हणाली, "मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घे, त्यात बुडव, जरा हलव आणि पानं वरच्या वर उचल. पाणी ओतू नकोस हां, नाहीतर खाली बसलेली माती परत पानांवर."

"किती वेळा?"

"माती यायची थांबेपर्यंत."

"आणि आई, शेंगदाणे किती घ्यायचे?"

"अंदाजाने."

"मिरच्या?"

"तिखट किती आहेत त्यावर."

"मग मीठ?"

"आता मिठाचं पण सांगू का रे?" असं म्हणून आईने फोन ठेवला. अंदाज हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं माप आहे आणि ते मला वारशात मिळालेलं नाही.

पण आईची युक्ती बरोबर निघाली. तिसऱ्या पाण्याला तळाशी बोट फिरवलं तर एकही कण नाही. पानं सुती पंच्यावर पसरली, वर दुसरा पंचा दाबला. ओल्या पानांची चटणी पातळ होते हे मला माहीत होतं (मला अगदीच काही कळत नाही असं समजू नका).

आता शेंगदाणे. मंद आचेवर, सतत हलवत, एवढंच करायचं असतं. मी सतत हलवत होतो. फक्त एकदा फोन वाजला म्हणून बघितलं, त्यात कोणीतरी शुभ सकाळ पाठवली होती, गुलाबाच्या फुलासकट, आणि तेवढ्यात खालच्या बाजूचे दाणे कोळसा. वरच्या बाजूचे कच्चेच. पहिली खेप गेली. दुसऱ्या खेपेला मी फोन बेडरूममध्ये ठेवून आलो आणि कढईसमोर राखणदारासारखा उभा राहिलो. दाणे तडतडायला लागले, खमंग वास सुटला, सालं सुटून कागदासारखी झाली. गॅस बंद केल्यावरही कढईच्या उष्णतेने ते भाजतच राहतात म्हणून लगेच ताटात काढायचे, हे मला पहिल्या खेपेनंतर कळलं.

सालं काढायची कारण ती तुरट लागतात. दाणे पंच्यात चोळले, सालं मस्त निघाली, आता ती वेगळी कशी करायची? पूर्वीच्या बायका सुपात घेऊन पाखडायच्या. आमच्याकडे सूप नाही आणि असतं तरी मला पाखडता येत नाही. मग डोक्यात कल्पना आली. मी ताट टेबलावर ठेवलं आणि वरचा पंखा लावला.

पाचवर.

पुढचं वर्णन मी थोडक्यात उरकतो. दाणे ताटात राहिले, सालं राहिली नाहीत. ती ओट्यावर गेली, फ्रिजवर गेली, धुतलेल्या कोथिंबिरीवर गेली, चहाच्या कपात गेली आणि काही माझ्या केसांत गेली. बाहेरच्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज आला, बाकी काही नाही.

एवढ्यात मुलगी आली. दहावीत आहे, म्हणजे तिला सगळं येतं. "बाबा, शेंगदाणा हा नट नाहीच, तो शेंगवर्गातला आहे, वाटाण्याचा भाऊबंद, आणि फुल वर आलं तरी शेंग जमिनीखाली धरते." मी म्हटलं, बाळा, तो वाटाण्याचा भाऊ असो नाहीतर मेहुणा, तू ही सालं गोळा करायला लाग. तिला लगेच क्लास आठवला.

मिक्सर. चटणीचं भांडं, म्हणजे ते सगळ्यात छोटं. त्यात मी कोथिंबीर, पुदिना, दाणे, मिरच्या, आलं, लसूण, जिरं, मीठ सगळं दाबून दाबून भरलं, झाकण लावलं आणि बटण फिरवलं. घूं. फक्त घूं. झाकण काढून बघतो तर पाती एका पोकळीत एकटीच गरगर फिरतायत आणि बाजूने सगळं जसंच्या तसं भिंतीला चिकटून बसलंय. चमच्याने खाली ढकललं, परत घूं. परत ढकललं. चौथ्या खेपेला मी तो गुन्हा केला जो प्रत्येक नवशिक्या करतो, पाणी घातलं. दोन चमचे. काही झालं नाही. अजून दोन. काही नाही. मग वैतागून नळाखालीच भांडं धरलं, आणि एकदम सगळं असं काही फिरायला लागलं की मला वाटलं जिंकलो. मी आनंदात फिरवतच राहिलो, फिरवतच राहिलो, आणि मग मिक्सर बंद पडला. खटका दाबला, प्लग बदलला, दुसऱ्या खोलीत नेऊन लावला, काही नाही. जळाला म्हणायचा.

"खालचं लाल बटण दाब," बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

मिक्सर उलटा केला, बुडाला खरंच एक छोटं लाल बटण. लोड जास्त झाला की ते आपोआप बाहेर येतं, जरा गार होऊ द्यायचं आणि दाबायचं, की झालं सुरू. सतरा वर्षं हा मिक्सर घरात आहे आणि त्याला बूड आहे हे मी पहिल्यांदा बघत होतो.

भांडं उघडलं. वास सुंदर होता, तो मी नाकारणार नाही. पण भांडं हाताला कोमट लागत होतं आणि आत चटणी नव्हती, सार होतं. रंग म्हणाल तर जवानांच्या गणवेशाचा. मुलगी क्लासला जाता जाता डोकावली आणि म्हणाली की क्लोरोफिलच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो, उष्णता आणि आम्ल लागलं की तो निसटतो आणि हिरवा रंग मळकट शेवाळी होतो, "तुम्ही लिंबू पण आधीच पिळलंत ना?" पिळलं होतं. लिंबू तर काळं पडू नये म्हणून घालतात ना, मी म्हटलं. तर म्हणे दोन्ही खरं आहे, चिरलेलं पान हवेने काळं पडतं ते लिंबू थांबवतं, पण तेच लिंबू हळूहळू हिरवा रंगही घालवतं. म्हणजे लिंबू हा दोन्ही पक्षांकडून बोलणारा माणूस. त्याला शेवटी बोलवायचं आणि लवकर घरी पाठवायचं.

दुसरा घाणा मी शहाण्यासारखा केला. दाणे, मिरच्या, आलं, जिरं आधी कोरडंच भरड फिरवलं, मग थोडी थोडी पानं, पाण्याऐवजी बर्फाचे दोन खडे, आणि सलग न फिरवता थांबून थांबून झटके. आणि काय सांगू, हिरवागार, दाटसर गोळा, चमच्यावरून पडायला तयार नाही! दोन मिनिटं मी नुसता बघत राहिलो.

मग चाखली.

मिरच्यांच्या बिया मी काढल्या होत्या, बिया काढल्या की तिखटपणा जातो असं मला लहानपणापासून वाटत होतं. जात नाही. तिखट असतं ते बिया ज्याला चिकटतात त्या पांढऱ्या शिरेत, आणि ती मी जपून तशीच ठेवली होती. कान लाल झाले. गटागटा पाणी प्यायलो, त्याने काही होईना, कारण ते तिखट पाण्यात विरघळतच नाही, दूध प्यावं लागतं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून डोळे पुसले. ज्या हाताने मिरच्या चिरल्या त्याच हाताने. त्यानंतरची दहा मिनिटं मी बेसिनपाशी होतो, त्याबद्दल विचारू नका.

तिखट कमी करायला दाणे वाढवले. दाणे वाढवले तर मीठ कमी पडलं. मीठ घातलं तर आंबट कमी, लिंबू पिळलं तर जास्त झालं, म्हणून चिमूटभर साखर, साखर जरा सांडलीच, म्हणून पहिल्या घाण्यातलं सार दोन पळ्या, ते घातल्यावर पातळ, म्हणून परत दाणे. वाटीभर चटणी करायला घेतली होती, ती संध्याकाळी पाचला कुकरच्या भांड्यात मावत नव्हती. चव मात्र जमली. कशाने जमली ते मला सांगता येणार नाही, अंदाजाने.

मित्र आले. मी ब्रेडला आधी कडेपर्यंत लोणी लावलं, कारण लोण्याच्या थराने चटणीचं आणि टोमॅटोचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही, मग चटणी, मग बाकीचं. पहिला घास सगळ्यांनी घेतला. मी कोणी काही बोलतंय का म्हणून तोंडांकडे बघत उभा. पाच जण मान डोलवत खात होते. सहावा थांबला, घास जिभेवर फिरवला आणि अगदी काळजीने म्हणाला, "रागावू नकोस, पण मिक्सरचं भांडं नीट धुतलं नव्हतं का? साबण लागतोय."

सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत मी हे ऐकायला उभा होतो. पाच जण म्हणतायत काहीही काय, तो म्हणतोय शपथ, साबण. भांडं आणून दाखवलं, वास घेऊन झाला, बायकोची साक्ष काढली. शेवटी मुलीनेच सोडवलं, की काही माणसांना जन्मतःच कोथिंबीर साबणासारखी लागते, कोथिंबिरीच्या वासातली काही द्रव्यं साबणाच्या वासातल्या द्रव्यांसारखीच असतात, आणि ती जास्त जाणवण्यात गंध ओळखणाऱ्या एका जनुकाचाही हात असतो. म्हणजे बेचाळीस वर्षांच्या माणसाला स्वतःचं जनुक कळायला माझीच चटणी मिळाली. त्याने सँडविच उघडून ती चमच्याने खरवडून काढली आणि वर सॉस लावला. बाटलीतला. घेऊन आला होता.

पाहुणे गेले, चटणी उरली. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकेल, पण तेवढ्या दिवसांत ती संपवायची तर आंघोळीलाही वापरावी लागली असती. म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवली, हवा तेव्हा एक खडा काढायचा. ही कल्पना खरंच चांगली आहे, मी अजूनही तिच्या बाजूने आहे. फक्त घरच्यांना सांगायचं राहून गेलं.

काल दुपारी शेजारचे काका आले. उन्हातून आलेले, बायकोने घाईत लिंबाचं सरबत केलं, स्टीलच्या पेल्यात बर्फ टाकला आणि दिलं. फ्रीजरमधला दिवा गेल्या महिन्यापासून बंद आहे. काकांनी अर्धा पेला एका दमात संपवला, थांबले, जीभ टाळ्याला लावून बघितली.

"वा! पुदिना घातलास वाटतं, छान केलंस हो," बायकोला म्हणाले. मग पेला तिरका करून आत बघितलं, बोट घातलं, काहीतरी काढून उजेडात धरलं.

"हे शेंगदाण्याचं पण चांगलं लागतंय. पण खाली वाळूसारखं काय आहे गं?"

बायको काही बोलली नाही. तिने पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बघितलं.