देहदंड दिला, तरी तीच पावडर परत आली

भेसळीची बातमी आली की खाली पहिली कॉमेंट ठरलेली : "लटकवा यांना!" मीही पूर्वी हेच लिहायचो. पण चीनने ते खरोखर करून पाहिलंय.

२००८ साली तिथे बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन (प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन) सापडलं. तपासणीत प्रथिनं थेट मोजत नसत, नायट्रोजन मोजून अंदाज बांधत. आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. म्हणजे दुधात खुशाल पाणी ओता, वर थोडं मेलामाइन टाका, रिपोर्ट चोख! सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, ६ दगावली. २००९ मध्ये दोघांना देहदंड दिला. आणि २०१० मध्ये, नष्ट करायची म्हणून बाजूला काढलेली तीच जुनी पावडर पुन्हा विक्रीला आलेली सापडली.

भेसळ करणारा हिशेबी माणूस असतो. कलमात किती वर्षं लिहिलीत हे तो बघत नाही. नमुना कोण घेणार, कधी घेणार, कोर्टात टिकणार का, हे बघतो. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची खात्री महत्त्वाची, हे इटलीचा विचारवंत बेकारिया १७६४ मध्येच सांगून गेला. पकडले जाण्याची भीती नसेल तर दंड वाढल्यावर फक्त हप्त्याचा दर वाढतो (हे सांगायला बेकारिया कशाला हवा!).

अस्वच्छतेचं तर आणखी वेगळं. हात न धुता पीठ मळणारा कसला हिशेब करतो? आळस, घाई, सवय. तापाने फणफणलेला माणूस कामावर येतो, कारण रजा घेतली की पगार कापला जातो. त्याला तुरुंगाची भीती काय घालणार? त्यापेक्षा डेन्मार्कची युक्ती मला पटते. २००१ पासून तिथे तपासणीचा निकाल हसऱ्या किंवा पडलेल्या चेहऱ्यासकट दारातच लावतात. गिऱ्हाईक दारातून परत फिरलं की मालक आपोआप फडकं हातात घेतो.

दंड वाढवूच नका, असं मात्र मी म्हणत नाही. मोठ्या कंपनीला किरकोळ दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च. इंग्लंड-वेल्समध्ये २०१६ पासून तो ठरवताना उलाढाल बघतात, ते योग्यच. अमेरिकेत साल्मोनेला जंतू असलेला माल माहीत असून विकणाऱ्या शेंगदाणा कंपनीच्या प्रमुखाला २०१५ मध्ये २८ वर्षांची कैद झाली. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते पकडलं गेलं ते माणसं आजारी पडल्यावर. ९ जण तोवर गेले होते.

म्हणून हल्ली "लटकवा"च्या खाली मी एवढंच विचारतो : नमुना घेतल्यावर रिपोर्ट किती दिवसांनी येतो, आणि तोवर तो माल कुठे असतो?