गाडीचा पहिला डिझायनर कर खात्यात बसतो

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. वर दोन फोटो असतात: डावीकडे ट्रकएवढा अमेरिकन पिकअप, उजवीकडे विजेवर चालणारी गोंडस फियाट ५००. खालचा मजकूर साधारण असा: 'अमेरिकन गाडी म्हणजे पैशाचा माज, युरोपियन गाडी म्हणजे अक्कल. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त म्हणून हत्ती बनवतात. युरोपियन माणसाला निसर्गाची काळजी म्हणून तो छोटी गाडी बनवतो. खरं इंजिनिअरिंग सगळं युरोपचं, अमेरिकेने फक्त क्रोम चढवलं. कडक नियमही युरोपचेच. हायब्रिड युरोपने दिली, अमेरिका अजून व्ही-८ मध्ये अडकली आहे.' शेवटी जोडलेले हात आणि 'सहमत असाल तर पुढे पाठवा'.

मी सहमत नाही. त्यामुळे पुढे न पाठवता उत्तर लिहितोय. मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, तेही सांगतो.

आधी ती निसर्गाची काळजी. युरोपात गाड्या लहान झाल्या तेव्हा 'कार्बन उत्सर्जन' हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता. ब्रिटनमध्ये १९२१ पासून गाडीवरचा वार्षिक कर 'हॉर्सपॉवर'मागे एक पौंड असा होता, आणि ही हॉर्सपॉवर इंजिनाची खरी ताकद मोजून नव्हे, तर एका सूत्राने काढत. सूत्रात सिलेंडरचा व्यास आणि सिलेंडरांची संख्या धरली जायची. पिस्टन किती लांब वर-खाली जातो याचा हिशेबच नव्हता. हे कळल्यावर कुठलाही शहाणा इंजिनिअर काय करेल? ब्रिटिशांनी तेच केलं. सिलेंडर बारीक आणि लांब केले. फोर्डच्या मॉडेल टी चं इंजिन खरं तर २० हॉर्सपॉवरचं; पण सिलेंडर रुंद, म्हणून सूत्राप्रमाणे ते साडेबावीस भरायचं आणि वर्षाला २३ पौंड मोजावे लागायचे. १९२२ साली आलेल्या छोट्या ऑस्टिन सेव्हनला ८ पौंड पुरायचे. पुढे खुद्द फोर्डने आपल्या मॉडेल ए चं बारीक सिलेंडरवालं इंजिन खास ब्रिटनसाठी काढलं. कंपनी अमेरिकन, गाडी अमेरिकन, पण इंजिनाचा आकार लंडनच्या तिजोरीने ठरवलेला.

फ्रान्समध्येही हेच. सिट्रोएनच्या प्रसिद्ध '२सीव्ही'च्या नावातले दोन घोडे ('सीव्ही' म्हणजे फ्रेंच हॉर्सपॉवर) हे कर खात्याच्या हिशेबातले घोडे आहेत. इटलीत दोन लिटरच्या वरच्या इंजिनांवर जबर कर, म्हणून फेरारीने १९७५ मध्ये घरच्या गिऱ्हाइकासाठी १९९१ सीसीचं व्ही-८ काढलं. आठ सिलेंडर आणि सगळे मिळून दोन लिटरही नाहीत! फेरारी घेणाऱ्याला निसर्गाची चिंता होती असं कुणी म्हणणार नाही.

आणि मिनी? १९५६ च्या सुएझ पेचात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं, त्यातून १९५९ ची ती गाडी आली. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली सरकवला आणि जेमतेम दहा फुटांत चार माणसं बसवली. बुद्धिमत्ता अफाट, वादच नाही. पण तिला कामाला लावलं ते टंचाईने. आपल्याकडे २००६ मध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि पाठोपाठ डिकी छाटलेल्या सेडान रस्त्यावर आल्या. त्यामागे भारतीयांचा साधेपणा आहे असं आपण म्हणत नाही ना?

दुसरा मुद्दा, हत्तींचा. पेट्रोल स्वस्त हे अगदी खरं. अमेरिकेचा केंद्रीय पेट्रोल कर गॅलनमागे १८.४ सेंट, तो १९९३ पासून हललेला नाही. लिटरमागे पाच सेंटही पडत नाहीत. राज्यांचे कर वेगळे, पण तेही युरोपच्या मानाने किरकोळ. युरोपीय संघात पेट्रोलवरचा किमान कर लिटरला जवळपास ३६ युरोसेंट आहे, आणि बहुतेक देश त्याहून बरेच जास्त घेतात. शिवाय रुंद रस्ते, लांब पल्ले, घराला दोन गाड्यांचं गॅरेज. इथवर मेसेज बरोबर.

पण पेट्रोल तर १९६० मध्येही स्वस्तच होतं. तेव्हा शेतकरी आणि कारागीर सोडले तर पिकअप फारसं कुणी घेत नव्हतं, आणि १९६८ साली एकट्या फोक्सवॅगन बीटलच्या चार लाखांहून जास्त गाड्या अमेरिकेत खपल्या. मग पिकअप घरोघरी कसा शिरला? इथे दोन कायदे बघावे लागतात.

पहिला कायदा कोंबडीचा. थट्टा नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्त अमेरिकन कोंबड्या पश्चिम जर्मनीच्या बाजारात आल्या, युरोपने त्यांच्यावर आयात शुल्क चढवलं. उत्तर म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के शुल्क लावलं. १९६४ पासून ते लागू झालं. कोंबडीचं भांडण केव्हाच विझलं, ट्रकवरचं शुल्क मात्र जिवंत राहिलं. म्हणजे अमेरिकन कंपन्यांना पिकअपच्या बाजारात परदेशातून आयात होणाऱ्या गाड्यांची स्पर्धा फारशी नाहीच. नफा तिथेच, मग जाहिरात तिथेच आणि डिझाइनही तिथेच. गंमत म्हणजे हा काटा फोर्डलाच रुतला. तुर्कस्तानात बनलेली आपली छोटी ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन फोर्ड मागच्या सीटा बसवून 'प्रवासी गाडी' म्हणून अमेरिकेत उतरवायची आणि बाल्टिमोरला पोचल्यावर त्या सीटा उपटून टाकायची. सरकारशी झालेला तो वाद २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून मिटला.

दुसरा कायदा इंधनबचतीचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये, अमेरिकेने कंपन्यांना सरासरी मायलेजचं बंधन घातलं. उद्देश चांगला, पण कारला कडक नियम आणि 'हलक्या ट्रक'ला सैल. एसयूव्ही ट्रकच्या रकान्यात बसली आणि स्टेशन वॅगन, म्हणजे मागे लांब डिकी असलेली घरगुती कार, अमेरिकेतून दिसेनाशी झाली. क्रायस्लरची पीटी क्रूझर आठवते? दिसायला छोटी हॅचबॅक, पण मागची जमीन सपाट आणि सीटा काढता येणाऱ्या, म्हणून कायद्याने ट्रक. तिच्यामुळे कंपनीच्या खऱ्या ट्रकांची सरासरी सुधारायची. पुढे नियम असा बदलला की चार चाकांमधलं क्षेत्रफळ जितकं मोठं तितकं लक्ष्य सोपं. म्हणजे गाडी मोठी केली की सूट. हत्ती असा पोसला जातो.

आणि युरोप इथे हसायला मोकळा नाही. २००९ मध्ये युरोपीय संघाने कार्बनची मर्यादा घातली, पण लक्ष्य गाडीच्या वजनाशी बांधलं. जड गाड्या विकणाऱ्या जर्मन कंपन्यांना जास्त मोकळीक, हलक्या गाड्या बनवणाऱ्या इटालियन आणि फ्रेंच कंपन्यांवर जास्त ताण. अमेरिकेने लांबी-रुंदीला सूट दिली, युरोपने वजनाला. आज युरोपातही विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास एसयूव्ही आहेत, आणि फोर्ड फिएस्टाचं कोलोनमधलं उत्पादन २०२३ मध्ये थांबलं.

'खरं इंजिनिअरिंग सगळं युरोपचं' या वाक्यावर फार वेळ घालवणार नाही. इलेक्ट्रिक स्टार्टर: कॅडिलॅक, १९१२. मोठ्या संख्येने विकलेला पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: जनरल मोटर्स, १९४० च्या मॉडेलांत. पहिल्या टर्बो मोटारी (धुराच्याच जोरावर इंजिनात जादा हवा भरणाऱ्या): ओल्ड्समोबिल आणि शेव्हरोले, १९६२. ब्रिटिश सरदारकीचं प्रतीक असलेल्या रेंज रोव्हरचं मूळचं व्ही-८ इंजिन ब्यूइकचं. त्याचे हक्क रोव्हरने साठच्या दशकात जनरल मोटर्सकडून विकत घेतले. उलट बाजूने, शेपटाचे पंख म्हणजे अमेरिकन नखरा असं मानणाऱ्यांनी १९५९ ची मर्सिडीज पाहावी, तिलाही पंख आहेत. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने तर सुरुवातीला डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या आणि मग त्याच जागी फियाट. हँडलिंगच्या बाबतीत मात्र मेसेज अगदीच चुकीचा नाही. अनेक दशकं अमेरिकन सेडान वळणावर होडीसारखी कलायची आणि जर्मन गाडी ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या महामार्गावर, रुळावरून जावी तशी जायची. सरळ रस्त्यावर आठ तास बसणाऱ्याला गादी हवी असते, दोनशेच्या वेगाने जाणाऱ्याला पकड.

नियमांचा मुद्दा जास्त गुंतागुंतीचा आहे. हेडलाइटच्या बाबतीत अमेरिकन नियम चक्क मूर्ख होते. १९४० पासून १९८३ पर्यंत ठरावीक मापाचे सीलबंद दिवेच चालायचे, म्हणून स्टिअरिंगबरोबर वळणारे, काचेआडचे दिवे असलेली सिट्रोएन डीएस अमेरिकेत साधे दिवे लावून जायची. सत्तरच्या दशकात ताशी पाच मैलांची धडक सोसणारे बंपर सक्तीचे झाले आणि नाजूक युरोपियन गाड्यांना ओठ सुजल्यासारखं रूप आलं. पादचाऱ्यांच्या बचावासाठी बॉनेट कसं हवं याचे नियम युरोपने २००३ मध्येच केले. तिथे अमेरिका मागे आहे, आणि पिकअपची भिंतीसारखी उभी नाकं बघितली की ते लगेच कळतं.

पण धुराचं काय? कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या धुरावर मर्यादा १९६६ मध्ये घातली. धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अमेरिकन गाड्यांत १९७५ पासून सर्रास आला. युरोपात तो नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा व्हायला १९९३ उजाडलं. मग युरोपने कार्बन कमी म्हणून डिझेलला जवळ केलं. २००९ पासूनच्या युरो-५ या युरोपच्या धूर-नियमांमध्ये डिझेल गाडीला किलोमीटरमागे ०.१८ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. अमेरिकेची मर्यादा त्याच्या साधारण चौथा हिस्सा. फोक्सवॅगनचं सॉफ्टवेअर २०१५ मध्ये अमेरिकेत पकडलं गेलं त्याचं मूळ इथे आहे: ते डिझेल इंजिन अमेरिकन मर्यादेत बसेना, म्हणून चाचणीपुरतं शहाणं वागणारी गाडी बनवली. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुतांश युरोपात.

आता हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी. सुरुवात युरोपची हे खरं: १९०० च्या सुमारास व्हिएन्नात लोनरच्या कारखान्यात तरुण फर्डिनांड पोर्शने पेट्रोल इंजिनाने वीज करून चाकातल्या मोटारी फिरवल्या. पण १९१७ च्या आसपास शिकागोच्या वुड्स कंपनीची ड्युअल पॉवर विकायला होती, कमी वेगात विजेवर आणि पुढे इंजिनावर चालणारी. १९७४ मध्ये अमेरिकन इंजिनिअर व्हिक्टर वुक यांनी एका ब्यूइक स्कायलार्कला हायब्रिड करून सरकारी चाचणीला नेलं. सरकारने रस दाखवला नाही. ऑडीने १९९७ मध्ये डिझेल-हायब्रिड ड्युओ विकायला काढली, ती शंभरसुद्धा खपली नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टोयोटाची प्रियस आली. हायब्रिड रस्त्यावर आणण्याचं श्रेय द्यायचंच तर जपानला द्या. मेसेजमध्ये जपानचा उल्लेखच नाही!

त्यानंतर युरोप आणि अमेरिकेच्या वाटा फुटल्या, त्याही करांमुळेच. युरोपात डिझेल स्वस्त पडत होतं, मग महागडी बॅटरी कशाला? अमेरिकेत डिझेल नकोसं, म्हणून फोर्डने २००४ मध्ये एस्केप हायब्रिड आणली, ही पहिली हायब्रिड एसयूव्ही. २०१० च्या अखेरीस शेव्हरोले व्होल्ट आली. प्लगला लावायची आणि रोजचा प्रवास विजेवर करायचा. तिची युरोपियन जुळी ओपेल अँपेरा हिच्यासह तिला २०१२ चा 'युरोपियन कार ऑफ द इयर' किताब मिळाला, तोही युरोपियन पत्रकारांकडून. फोर्डच्या हायब्रिड पिकअपमध्ये ७.२ किलोवॉटचा जनरेटर मिळतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठून वीज गेली तेव्हा डीलरांकडे उभ्या असलेल्या या गाड्या लोकांना वापरायला द्या असं फोर्डने सांगितलं. हत्ती खरा, पण घर उजळणारा.

डिझेलचं बिंग फुटल्यावर युरोप प्लग-इन, म्हणजे प्लगला लावून चार्ज करायच्या, हायब्रिडकडे वळला. कंपनीकडून मिळणाऱ्या गाडीवर करसवलत, म्हणून अनेकांनी ती घेतली; चार्जिंगची केबल मात्र डिकीतच राहिली. २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने गाड्यांतल्याच यंत्रणेने नोंदलेली आकडेवारी तपासली: प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट. या कागदी हिशेबाचा कळस म्हणजे बीएमडब्ल्यू एक्सएम. ४.४ लिटरचं व्ही-८, सोबत बॅटरी, वजन २.७ टन, आणि बाजारात आली तेव्हाच्या अधिकृत चाचणीत शंभर किलोमीटरला दीड लिटरच्या आसपास पेट्रोल. ही युरोपियन अक्कल बनते कुठे? अमेरिकेत, साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गला.

राहिला उजवीकडचा फोटो. विजेवरची पहिली फियाट ५०० बाजारात आली २०१३ मध्ये, आणि इटलीत नव्हे. ठराविक संख्येने धूरविरहित गाड्या विकायच्या या कॅलिफोर्नियाच्या कायद्यापोटी क्रायस्लरच्या मिशिगनमधल्या इंजिनिअरांनी ती तयार केली, आणि ती कॅलिफोर्निया व ओरेगन या दोनच राज्यांत विकली गेली. फियाट-क्रायस्लरचे प्रमुख सर्जिओ मार्किओने यांनी २०१४ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की कृपया ही गाडी घेऊ नका, कारण एकेका गाडीमागे कंपनीचे १४,००० डॉलर बुडतात.