खेळ होडेनोशोनींचा, ऑलिंपिकचं दार मात्र त्यांनाच बंद

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं, तेव्हा आपल्याकडे सगळी चर्चा क्रिकेटची झाली. त्याच मतदानात लॅक्रोसही, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ, लॉस एंजेलिस २०२८ मध्ये दाखल झाला, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. जिथे हा खेळ जन्मला त्या होडेनोशोनी, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, राष्ट्रांना मात्र आपल्या नावाने तिथे उतरता येत नाही. मला हा उघड अन्याय वाटतो. का वाटतो, हे कळायला आधी पुरुषांची जागतिक लॅक्रोस स्पर्धा समजून घ्यावी लागेल.

ही स्पर्धा १९६७ मध्ये टोरांटोला चार संघांनिशी सुरू झाली. २०१८ मध्ये इस्रायलच्या नेतान्यात ४६ संघ उतरले, २०२३ मध्ये सॅन डिएगोत ३०. आजवर १४ विजेतेपदं झाली, त्यातली अमेरिकेची ११ आणि कॅनडाची ३. तिसरा विजेता नाहीच. २०१८ ची अंतिम लढत ९-८ अशी, शेवटचा एक सेकंद उरला असताना टॉम श्रायबरच्या गोलने सुटली. आणि २०१४, २०१८, २०२३ अशा सलग तीन स्पर्धांत तिसऱ्या स्थानावर होते होडेनोशोनी. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा हा संघ.

आता खेळ. मैदान ११० यार्ड लांब, ६० यार्ड रुंद. एका बाजूला दहा जण : गोलकीपर, तीन बचावपटू, तीन मिडफिल्डर, तीन आक्रमक. गोल सहा बाय सहा फुटांचा, त्याभोवती नऊ फूट त्रिज्येचं वर्तुळ. चेंडू घट्ट रबराचा, दीडशे ग्रॅमच्या जरा आत. आक्रमकाची काठी ४० ते ४२ इंच, बचावाची लांब काठी ५२ ते ७२ इंच, आणि अशा लांब काठ्या मैदानात एका वेळी चारच.

नवख्या प्रेक्षकाची गल्लत होते ती ऑफसाइडमध्ये, कारण इथला ऑफसाइड फुटबॉलसारखा नाही. तो निव्वळ मोजदादीचा आहे : स्वतःच्या अर्ध्या भागात किमान चार आणि समोरच्या भागात किमान तीन खेळाडू हवेतच. बचावपटूने चेंडू हिसकावला आणि त्याच धावेत मध्यरेषा ओलांडली, तर एका मिडफिल्डरने हात वर करून मागे थांबायचं असतं. धावपळीत तो विसरला की हातातला चेंडू गेला. बदली खेळाडू खेळ न थांबवता आत-बाहेर करतात, तेव्हा पाचवी लांब काठी चुकून मैदानात आली तरी दंड.

दुसरी भानगड काठीच्या जाळीची. जाळी खोल असली की चेंडू घट्ट बसतो आणि प्रतिस्पर्ध्याने काठीवर कितीही फटके मारले तरी सुटत नाही. म्हणून नियम आहे : काठी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरायची, चेंडू जाळीत ठेवायचा, चेंडूचा वरचा भाग बाजूच्या पट्टीच्या खालच्या कडेच्याही खाली गेला तर काठी बाद. सामन्याआधी नीट असलेली जाळी पावसात भिजून सैल पडते आणि तिसऱ्या डावात पंचांच्या तपासणीत पकडली जाते. एक ते तीन मिनिटं खेळाडू बाहेर, संघ एकाने कमी. अटीतटीच्या सामन्यात तेवढ्यात दोन गोल होऊ शकतात. काळजी घेणारे संघ मध्यंतरात जाळीच्या दोऱ्या पुन्हा आवळून घेतात.

या मोठ्या मैदानी प्रकारात प्रत्येक गोलनंतर मध्यावर फेसऑफ होतो. चेंडू जमिनीवर, दोघे समोरासमोर वाकून बसलेले, शिटी वाजताच चेंडू काठीखाली दाबायची झटापट. चांगला फेसऑफवाला असला तर गोल करणाऱ्या संघालाच पुन्हा चेंडू मिळतो आणि समोरचा संघ नुसता बचाव करत दमतो. एवढ्या तयारीचे खास खेळाडू घडवायला अमेरिकेच्या कॉलेजांसारखी मोठी यंत्रणा लागते.

ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही. तिथे ‘सिक्सेस’ आहे : ७० बाय ३६ मीटरचं मैदान, सहा-सहा खेळाडू, आठ मिनिटांचे चार डाव, ३० सेकंदांत शॉट घ्यायचाच. लांब काठ्या नाहीत. गोल झाला की गोलकीपर लगेच चेंडू बाहेर काढतो. फेसऑफ फक्त डावाच्या सुरुवातीला. आता होडेनोशोनींची पोरं लहानपणापासून काय खेळतात पाहा : बॉक्स लॅक्रोस. हॉकीच्या बंदिस्त रिंगणात, गोलकीपर धरून सहा जण, तेच ३० सेकंदांचं घड्याळ, आणि गोल जेमतेम चार फूट रुंद. अरुंद कोनातून, अंगावर माणूस असताना चेंडू मारायची सवय तिथेच लागते. म्हणजे ऑलिंपिकने जो प्रकार निवडला, तो जवळजवळ त्यांच्या घरचाच.

अडचण सांगितली जाते ती नियमाची : राष्ट्रीय ऑलिंपिक समिती नाही (आणि ती सार्वभौम देशालाच मिळते), म्हणून प्रवेश नाही, खेळाडूंनी अमेरिकेकडून किंवा कॅनडाकडून खेळावं. पण आंतरराष्ट्रीय लॅक्रोस महासंघाने त्यांना १९८७ मध्येच सदस्य केलं आणि १९९० पासून ते जागतिक स्पर्धा स्वतःच्या झेंड्याखाली खेळतात. २०१० मध्ये ब्रिटनने होडेनोशोनींचे स्वतःचे पासपोर्ट नाकारले, तेव्हा दुसऱ्याचा पासपोर्ट घेण्यापेक्षा त्यांनी मँचेस्टरची स्पर्धा सोडली. अशा माणसांना दुसऱ्याची जर्सी घाला म्हणणं हा तोडगाच नव्हे. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या वर्ल्ड गेम्समधून (ऑलिंपिकबाहेरच्या खेळांची जागतिक स्पर्धा) त्यांना असंच वगळलं होतं. आयर्लंडने आपली जागा सोडली, म्हणून ते खेळले.

आपण मराठी माणसांनी तरी हा नियम निमूट मान्य करू नये. १९२० मध्ये अँटवर्पला भारताचा संघ गेला, तो पुण्याच्या डेक्कन जिमखान्याशी जोडलेल्या दोराबजी टाटांच्या पुढाकाराने. त्यात कुस्तीगीर रणधीर शिंदे होते, धावपटू फडेप्पा चौगुले होते. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला हॉकीचं सुवर्ण आलं. तेव्हा देश पारतंत्र्यात होता. सार्वभौम राष्ट्र असल्याशिवाय प्रवेश नाही, ही अट त्या वेळी लावली असती, तर यातलं काहीच झालं नसतं.

लॉस एंजेलिसमध्ये पुरुषांचे संघ फक्त सहा. जगातला तिसरा संघ त्यात नसेल, तर त्या पदकाला जगातलं सर्वोत्तम लॅक्रोस म्हणायला मी तयार नाही. दार उघडायचा ठराव मुंबईत झाला होता, तेव्हा ते अर्धवट का उघडलं, हा प्रश्नही आपल्याकडून जायला हवा.