कळलावीतली कळ कुठली?

नमस्कार. कळलावी या वेलाच्या नावातली कळ बाळंतपणाची, असं मी लिहिलं होतं. त्यावर 'कळलावी म्हणजे भांडणं लावणारी, आमच्या भुदरगडात ती उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाळंतकळांचा अर्थ तुम्ही ओढूनताणून आणलाय,' असं तुम्ही लिहिलंत. तुमच्याकडची समजूत खरीच आहे. पन्हाळ्याकडंही फूल घरात आलं की भांडणं जुंपतात म्हणतात, आणि कळीचा नारद तर आपल्या रोजच्या बोलण्यातला. तरीही मी बाळंतकळांचाच अर्थ धरून आहे.

अडलेल्या बाईच्या बेंबीवर, तळपायांना या वेलाच्या कंदाचा लेप लावायची जुनी रीत आहे, कळा याव्यात म्हणून. भावप्रकाश निघंटू या आयुर्वेदातल्या जुन्या वनस्पतीकोशात तिला 'गर्भनुत्' म्हटलंय, म्हणजे गर्भाला बाहेर लोटणारी. भांडणाच्या बाजूनं 'कलिकारी' हे संस्कृत नाव दाखवता येईल. पण निघंटूत 'कलिहारी'ही आहे. एक कलह करणारी, दुसरी तो घालवणारी! एवढ्या एका अक्षरावर तिला भांडखोर कसं ठरवायचं?

तिची बाकीची नावं बघा. कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून लांगली. अग्निशिखा का, ते फूल जवळून पाहिलं की पटतं. फूल खाली झुकलेलं, पण सहाही पाकळ्या उलट्या वळून वर उभ्या, कडा नागमोडी. आधी हिरवट-पिवळ्या, मग टोकाकडून लाल होत जाणाऱ्या. पानाचं टोकसुद्धा लांबून वळतं आणि शेजारची काटकी धरून ठेवतं. वेल हाताळणाऱ्यांनी, नीट बघणाऱ्यांनी ठेवलेली ही नावं आहेत. कळलावी त्यांच्याच पंगतीतलं, असं मला ठामपणे वाटतं.

तो लेप मात्र आज कुणीही करू नये. वेलाच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं, कंदात आणि बियांत जास्त. रताळं समजून कंद खाल्लेली माणसं दगावली आहेत. आधी उलट्या-जुलाब, मग एकेक अवयव निकामी. हेच कोल्चिसिन डॉक्टर गाउटच्या संधिवातावर अगदी मोजून देतात, पण ते काम घरच्या पाट्या-वरवंट्याचं नव्हे. लहान मुलं असलेल्या घरात ती न आणणं शहाणपणाचंच, भांडणाची भीती असो-नसो.

पण म्हणून बांधावरची, कुंपणावरची कळलावी उपटू नका. भांडणं होतील म्हणून लोक ती खणून फेकतात, तेव्हा जीव तुटतो. पावसाळ्यात गगनबावड्याच्या वाटेवर ती फुललेली दिसेल तेव्हा थांबून बघा, फोटो काढा, कंद उकरू नका. आणि तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका तिला खड्यानाग म्हणतात का, की आणखी काही, तेवढं विचारून जरूर कळवा.